डन्स रिव्हर धबधबा, जमैका : नाशिककरांसाठी एका दिवसाच्या चढाईचे परीक्षण

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील ओचो रियोस या गावापासून पश्चिमेला अवघ्या तीनेक किलोमीटरवर डन्स रिव्हर नावाचा धबधबा आहे. तो लांब उभे राहून पाहण्याचा धबधबा नाही. समुद्रकाठच्या वाळूतून त्याच्या पाण्यात पाऊल टाकायचे आणि वाहत्या प्रवाहातूनच, पायरीपायरीने, माथ्यापर्यंत चढायचे, अशी तिथली रीत आहे. गेल्या जानेवारीत आम्ही ही चढाई तीन दिवसांच्या अंतराने दोनदा केली. पहिला दिवस चुकीच्या नियोजनामुळे निम्मा वाया गेला आणि दुसरी सकाळ मात्र मला जन्मभर पुरेल इतका आनंद देऊन गेली. धबधबा तोच होता, पाणी तेच होते आणि चढणारी माणसेही तीच होती. बदलले होते ते फक्त घड्याळ आणि पायांतले बूट. नाशिकला परतल्यापासून, ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि जे दर दोन-तीन वर्षांनी तिकडे जातात असे आमच्या वयाचे बरेच परिचित ‘आम्हाला हे जमेल का आणि कसे आखावे’ असे विचारत आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही कोण होतो हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण चढाईचा अनुभव वयावर आणि गुडघ्यांवर अवलंबून असतो. मी ६१ वर्षांची असून शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे. माझे यजमान ६७ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सोबत फ्लोरिडात राहणारी लेक, जावई आणि ८ वर्षांची नात होती. फ्लोरिडाहून जमैकातल्या माँटेगो बे या शहरात विमानाने दोन तासांच्या आत पोहोचता येते आणि तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने ओचो रियोस पावणेदोन तासांवर आहे. केवळ या धबधब्यासाठी नाशिकहून कोणी एवढा प्रवास करावा असे मी म्हणणार नाही. पण मुलांकडे गेलेलेच असाल, तर चार दिवसांची सवड काढून जाण्याजोगे हे ठिकाण निश्चित आहे. अमेरिकेत परत शिरायचे असल्याने आपला अमेरिकी व्हिसा बहुप्रवेशाचा आहे की नाही, हे निघण्यापूर्वी पासपोर्ट उघडून पाहावे. ही गोष्ट मुले गृहीत धरतात आणि आपण विचारत नाही.

पाण्यातून चढण्याचा विषय निघाला की नाशिककराच्या डोळ्यांसमोर दुगारवाडी, पहिने, विहीगाव ही नावे येतात, आणि मोठा गैरसमज तिथेच होतो. दोन्हीकडचे धबधबे उष्ण कटिबंधातलेच आहेत. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, ओचो रियोस साडेअठरा अंशांच्या जरासे खाली आहे, आणि रस्त्याकडेची आंबा, केळी, चिंच पाहून आपण परक्या मुलखात आहोत असे वाटतही नाही. पण पायाखालचा खडक मात्र पूर्णपणे वेगळा आहे. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. त्यावरून पडणारे पाणी चार महिने धो धो वाहते, उरलेले महिने आटते, आणि ओलसर कातळावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. गंगाघाटाच्या पायरीवर एकदा तरी पाय घसरला नाही असा नाशिककर विरळाच, त्यामुळे शेवाळ म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको.

डन्स रिव्हरचा खडक कातळ नाही. जमैका बेटाचा सुमारे दोन तृतीयांश भाग चुनखडीचा आहे. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन या चुनखडीत मुरते, तिला विरघळवते आणि झऱ्याच्या रूपाने पुन्हा वर येते. वर आल्यावर ते जिथे खळाळते, जिथे त्यात फेस होतो, तिथे त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन दगडावर, मुळांवर, पडलेल्या फांद्यांवर बसतो. या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. बोअरच्या जड पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा, खरखरीत थर चढतो, त्याच जातीची ही प्रक्रिया आहे. फरक इतकाच की तिथे ती हजारो वर्षे उघड्यावर चालू आहे. पाणी जिथे कडेवरून खाली पडते तिथे खळखळ सर्वांत जास्त असते, म्हणून थरही तिथेच सर्वांत जाड बसतो, कड उंचावते, तिच्यामागे डोह तयार होतो, आणि अशा कडा व डोह एकाखाली एक लागून पायऱ्यांचा भव्य जिना घडतो. आपला धबधबा खडक झिजवत मागे सरकतो. हा धबधबा स्वतःचा खडक स्वतःच बांधत जातो. भूगोलाच्या तासाला मी हे कित्येक वर्षे फळ्यावर काढून दाखवले होते, पण त्या जिन्याच्या कडेला तळवा टेकवून त्याचा खरखरीतपणा अनुभवला तेव्हा डोळे भरून आले, हे मी संकोच न करता सांगते.

याच खरखरीतपणामुळे तिथे माणूस चढू शकतो. दगडावर नव्या चुन्याचा थर सतत चढत राहिल्याने पावलाला पकड मिळते, आणि पाणी झऱ्याचे असल्यामुळे ओघ वर्षभर बऱ्यापैकी सारखा राहतो. तरीही तिथला प्रत्येक दगड घट्ट पकड देतो असे समजू नये. सावलीतले, कमी पाणी वाहणारे काही दगड निसरडे असतात आणि मोठ्या पावसानंतर ओघ वाढलेला असला तर त्या दिवशी चढण्याचा हट्ट धरू नये. मात्र तिथे चढून आलो म्हणून आपल्याकडेही पावसाळ्यात धबधब्यात शिरून वर जायला हरकत नाही, असा अर्थ कोणीही काढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्र्यंबकच्या डोंगरावर पाऊस कोसळला की खाली ऊन पडलेले असतानाही दुगारवाडीच्या ओढ्याला लोंढा येतो आणि माणसे पलीकडच्या काठावर अडकतात, हे आपण अनेकदा वाचले आहे. चढण्याजोगा धबधबा हा खडकाच्या जातीने आणि पाण्याच्या स्वभावाने ठरतो, आपल्या हौसेने नव्हे.

आता आकडे. धबधब्याची उंची सुमारे १८० फूट आहे, परंतु तो सरळ कोसळत नाही. जवळजवळ ६०० फूट लांबीच्या उतारावरून टप्प्याटप्प्याने खाली येतो आणि थेट कॅरिबियन समुद्राला मिळतो. चढायला गर्दी नसताना तासभर लागतो आणि गर्दीत दीड तास. तिकीट वरच्या बाजूला काढायचे, शेजारच्या बांधीव पायऱ्यांनी खाली वाळूपर्यंत उतरायचे आणि तिथून पाण्यातून वर यायचे, असा क्रम असतो. आम्ही गेलो तेव्हा परदेशी प्रौढाला २५ अमेरिकन डॉलर पडले आणि लहान मुलाला त्याहून कमी. गाइडची सोय असते, पण शेवटी त्याला खुशीने काही देण्याची तिथे पद्धत आहे आणि ती पाळावी, कारण तो जे काम करतो ते खरोखरच जोखमीचे आणि अंगमेहनतीचे असते.

पहिल्या दिवसाची चूक कुठे झाली ते सांगते. आमची चार दिवसांची आखणी नाशिकमधल्या एका सहल संयोजकाकडून लेकीने करून घेतली होती. त्यांनी कागदावर सुबक तक्ता दिला होता : सकाळी दहाला निघणे, साडेदहाला धबधबा, दुपारी दुसरे एक ठिकाण, मग तिसरे, मग बाजार. त्या तक्त्यात एकच गोष्ट कोणी पाहिली नव्हती, ती म्हणजे त्या दिवशी ओचो रियोसच्या बंदरात पर्यटकांचे मोठे जहाज लागणार होते. अशा एका जहाजातून तीन-चार हजार माणसे उतरतात, बंदर गावातच आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याच सकाळी हाच धबधबा चढायचा असतो. शिवाय तासाभराच्या अंतरावरच्या फालमथ बंदरातूनही बसगाड्या येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा वाळूवर एकामागे एक गट उभे होते. पाण्यात उतरल्यावर प्रत्येक वळणावर थांबावे लागत होते, आणि थांबणे म्हणजे गुडघाभर गार पाण्यात, एका पायावर भार देऊन, समोरच्या गटाचे छायाचित्र पूर्ण होईपर्यंत उभे राहणे. चढताना शरीर गरम राहते, थांबल्यावर पोटऱ्या आखडतात. नात अर्ध्या वाटेवर थरथरू लागली आणि आम्ही मधल्याच एका टप्प्यावरून बाहेर पडलो.

त्यात भर पडली बुटांची. निघण्यापूर्वी मी शहरातल्या एका दुकानातून ‘पाण्यात चालतील’ असे सांगून विकलेले कापडी बूट घेतले होते. तिसऱ्या डोहात उजव्या बुटाचा तळ डिंक सुटून निम्मा लोंबू लागला आणि पुढची प्रत्येक पायरी मला तो तळ आधी पाण्यात सावरून मगच चढावी लागली. म्हणून बुटांबद्दल स्पष्ट लिहिते. बूट पाण्यासाठीच बनवलेले, रबरी आणि खाचा असलेल्या तळाचे, टाच पूर्ण झाकणारे आणि पायाला घट्ट बसणारे असावेत. पावसाळी सँडल चालत नाहीत, कारण त्यांच्या पट्ट्यांत प्रवाह शिरतो आणि पाय आतल्या आत सरकतो. घरच्या चपला किंवा अनवाणी पाऊल यांचा विचारही करू नये, कारण ट्रॅव्हर्टाइनची जी धार पकड देते तीच तळव्याला कापते. घरून नेले नाहीत तर तिथे भाड्याने बूट मिळतात. दुसऱ्या वेळी मी तेच घातले आणि काहीही अडचण आली नाही. नवे बूट नेणार असाल, तर निघण्यापूर्वी ते बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी तळ ओढून पाहा. हा उपाय मला उशिरा सुचला.

दुसऱ्या वेळी आम्ही आखणी स्वतः केली. बंदरात कोणते जहाज कोणत्या दिवशी लागणार याचे वेळापत्रक बऱ्याच आधी प्रसिद्ध होते आणि ते इंटरनेटवर सहज पाहता येते. जावयांनी ते पाहून जहाज नसलेला दिवस निवडला. आदल्या संध्याकाळी निवासाच्या ठिकाणी सांगून परवानाधारक टॅक्सी ठरवली. तिथे परवानाधारक टॅक्सीला लाल नंबरपाटी असते, एवढे लक्षात ठेवले की फसगत टळते, आणि भाडे गाडीत बसण्यापूर्वी ठरवावे. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे अमेरिकेत रस्ता ओलांडताना जी धास्ती वाटते ती इथे वाटत नाही. प्रवेशद्वार उघडण्याच्या वेळेला आम्ही तिथे हजर होतो, आणि खाली वाळूवर पोहोचलो तेव्हा आमच्याखेरीज आणखी एकच कुटुंब होते.

त्या सकाळची चढाई मी सावकाश सांगते, कारण सारे त्यातच आहे. समुद्राचे पाणी कोमट असते आणि त्यात मिसळणारे नदीचे पाणी गार. वाळूत जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे एका पावलाला ऊब आणि दुसऱ्याला गारवा लागतो. गाइडने आम्हाला एकमेकांचे हात धरायला लावले. पुढे तो, मग नात, मग मी, मग लेक, शेवटी जावई. ही साखळी म्हणजे गमतीचा भाग आहे असे मला पहिल्या दिवशी वाटले होते. दुसऱ्या वेळी तिचे खरे कारण कळले. माणूस घसरतो तो दोन्ही पाय एकाच वेळी हलवल्यामुळे, आणि हात धरलेले असले की पुढच्याचे पाऊल टेकल्याशिवाय मागच्याला पाऊल उचलताच येत नाही. साखळी आपोआप चाल संथ करते. गाइड प्रत्येक पायरीवर आधी आपले पाऊल ठेवून दाखवत होता आणि ‘इथे नाही, तिथे’ असे बोटाने सांगत होता. कोणत्या दगडावर ऊन पडते आणि कोणता सावलीत बुळबुळीत होतो हे त्याला घरातल्या उंबऱ्यासारखे पाठ होते. तो मला ‘ममा’ म्हणत होता, आणि नातीच्या पायाखाली खोल जागा आली की तिला काही न विचारता अलगद उचलून पुढच्या कडेवर ठेवत होता.

पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काही वीतभर उंच आहेत, काही गुडघ्याइतक्या, आणि दोन-तीन ठिकाणी दोन्ही हात दगडावर टेकून, अंग पुढे झुकवून वर यावे लागते. तिथे घाई करू नये. पाणी मांड्यांवर आदळते तेव्हा मागे रेलावेसे वाटते, पण मागे रेलणे चूक आहे. जिन्याकडे झुकले की पाणी अंगावरून वाहून जाते आणि पावलावर भार नीट बसतो. मधल्या टप्प्यावर एक ऐसपैस डोह लागतो. पहिल्या दिवशी त्यात माणसांची दाटी होती. त्या सकाळी आम्ही त्यात मानेपर्यंत बसलो, डोक्यावर गर्द झाडे होती, पानांतून उन्हाचे कवडसे पाण्यावर पडत होते, आणि वरच्या कडेवरून येणारे पाणी खांद्यांवर पडत होते. माझी नात फारशी न बोलणारी मुलगी आहे. ती माझ्या मांडीवर बसून म्हणाली, ‘‘आजी, हा दगड अजून वाढतोय ना?’’ मी तिला हो म्हटले. आदल्या रात्री मी तिला गीझरच्या कॉइलचे उदाहरण देऊन हे सांगितले होते आणि तिने ते ध्यानात ठेवले होते.

यजमानांनी चढाई केली नाही, पण त्यांचा दिवस वाया गेला असे मुळीच नाही. धबधब्याच्या कडेने वरपर्यंत बांधीव पायऱ्या आहेत आणि ठिकठिकाणी प्रवाहाजवळ जाता येते. ज्यांना पाण्यातून जायचे नसेल ते त्या पायऱ्यांवरून चढणाऱ्यांच्या सोबतीने वर येऊ शकतात, आणि चढणाऱ्याला मध्येच थकवा आला तर तोही बाहेर पडून त्या पायऱ्या धरू शकतो. यजमान आमच्या समांतर चालत होते, प्रत्येक टप्प्यावर थांबून नातीला हाक मारत होते, आणि आमची उत्तम छायाचित्रे त्यांच्यामुळेच मिळाली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी किंवा ज्यांचा तोल जातो अशांनी पाण्यातून चढू नये. या बाबतीत मुलांच्या आग्रहाला बळी पडू नये, असे मी आमच्या वयाच्या सर्वांना सांगते. आपल्याला जमेल की नाही हे पाहण्याची घरगुती परीक्षा अशी : जेवायच्या पाटावर बसा आणि हात न टेकता उठा. तीन वेळा लागोपाठ उठता आले, तर पाय पुरेसे बळकट आहेत. मी निघण्यापूर्वी दीड महिना आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढत होते, आणि त्याचा फायदा मला प्रत्येक गुडघाभर पायरीवर जाणवला.

कपड्यांबाबत आपल्या बायकांना संकोच असतो, म्हणून तेही लिहिते. सलवार-कुर्ता पाण्याने जड होतो आणि पायांत अडकतो, तो घालू नये. मी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि घोट्यापर्यंतची घट्ट लेगिंग घातली होती; अंग झाकलेले राहिले आणि ऊनही लागले नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी हे सारे खोलीतल्या तिजोरीत ठेवून जावे, कारण प्रवाहात सैल झालेली वस्तू परत सापडत नाही. चष्म्याला मागून दोरी बांधावी. मोबाइल गळ्यातल्या जलरोधक पाकिटात ठेवला तरी चढताना तो हातात घेऊ नये; दोन्ही हात साखळीसाठी मोकळे हवेत. कोरडे कपडे आणि पंचा भाड्याच्या लॉकरमध्ये ठेवता येतात. आपला सुती पंचा न्यावा, तो टॉवेलपेक्षा लवकर वाळतो.

महिन्यांचा विचार करताना आपला पावसाळा डोक्यातून काढावा लागतो. तिथे पाऊस मुख्यतः मे-जून आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर असा दोनदा येतो, आणि अटलांटिकमधील चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा कोरडी आणि सुखद असते, पण जहाजेही याच काळात सर्वाधिक येतात. म्हणूनच महिना निवडण्यापेक्षा वार आणि तास निवडणे अधिक महत्त्वाचे ठरते.

धबधब्याच्या दिवशी दुसरे काही फारसे करू नये. आम्ही फक्त फर्न गली नावाचा रस्ता पाहिला. जुन्या, कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रातून सुमारे पाच किलोमीटर जाणारा तो रस्ता आहे. दोन्ही बाजूंना नेच्यांच्या भिंती आणि वर झाडांची कमान, त्यामुळे भरदुपारीही तिथे संध्याकाळ वाटते. त्यासाठी गाडीतून उतरावेही लागत नाही, हा थकलेल्या पायांना दिलासा. धबधब्याबाहेरच्या कलाकुसरीच्या बाजारात विक्रेते आग्रहाने बोलावतात. घ्यायचे नसेल तर हसून ‘नको’ म्हणावे आणि चालत राहावे. लाकडी कोरीवकाम खरोखरच सुंदर असते, त्यामुळे घ्यायचे असेल तर त्यासाठी वेगळा वेळ काढावा.

जेवणाची काळजी शाकाहारी लोकांना वाटते, पण ती अनाठायी आहे. जर्क चिकनचा घमघमाट सगळीकडे असला तरी रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाच्या लोकांचे ‘आयटल’ नावाचे शाकाहारी जेवण तिथे रुजलेले आहे. कॅलालू नावाची पालेभाजी म्हणजे आपल्या माठाचीच बहीण आहे. कांदा-लसणावर परतलेली ती भाजी यजमानांनी दोनदा मागून घेतली. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणातला निरफणस, तो तिथे निखाऱ्यावर भाजून देतात. आणि रोटी व करी हे शब्द तिथल्या ताटात ऐकले की दचकायला नको, कारण १० मे १८४५ रोजी पहिले भारतीय वेठकरारी मजूर जहाजाने जमैकाच्या ओल्ड हार्बर बे येथे उतरले आणि त्यांच्याबरोबर हे पदार्थही रुजले. आज ते दोन्ही शब्द अस्सल जमैकन समजले जातात. ज्या माणसांनी उसाच्या मळ्यांत ते दिवस काढले त्यांची आठवण मला त्या ताटावर आली, आणि ती यायलाच हवी असे वाटते.

ओचो रियोस या नावाचा स्पॅनिशमधला अर्थ ‘आठ नद्या’ असा होतो आणि अनेक माहितीपत्रकांत तसे छापलेलेही असते. प्रत्यक्षात ते ‘लास चोरेरास’ म्हणजे धारा किंवा धबधबे या जुन्या नावाचा इंग्रजांच्या तोंडी झालेला अपभ्रंश आहे. १६५५ मध्ये इंग्रजांनी बेट घेतल्यावर ते परत मिळवण्यासाठी स्पॅनिश सैन्याने प्रयत्न केला आणि १६५७ मध्ये याच परिसरात त्यांचा पराभव झाला. गावाचे नावच मुळात या पाण्यावरून पडलेले आहे, हे ध्यानात ठेवून तिथे उभे राहिले की त्या वाहत्या जिन्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

पुढच्या फेब्रुवारीत माझी धाकटी जाऊ तिच्या मुलाकडे जाणार आहे आणि तिलाही जमैकाला जायचे आहे. मी तिला जहाजांचे वेळापत्रक कसे पाहायचे ते दाखवले आहे, निवडलेल्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी तिथे पोहोच असे बजावले आहे, आणि तिने आणलेले नवे बूट सध्या आमच्या न्हाणीघरात बादलीत भिजत पडले आहेत.